पहिल्याच पुडीनं आराम पडला, तिथंच मी फसले

माझा आमवात नऊ वर्षांचा. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड, एवढ्यावर मी बरीच वर्षं निभावली. घरचं करून शेतातही जात होते. दोन वर्षांपूर्वी ऐन कापसाच्या वेचणीत मात्र गोळ्या चालू असूनही दुखणं वर आलं. पहाटे बोटं लाकडासारखी ताठ, दहा वाजेपर्यंत सुटायची नाहीत. भाकर थापणं तर बंदच झालं. बोंडातून कापूस ओढायला दोन बोटं आणि अंगठ्याची चिमूट लागते. ती चिमूटच होईना. बायकांची ओळ पुढं निघून जायची आणि मी एका झाडाशी उभी.

तेव्हाच सेवाग्रामच्या दवाखान्यात जायला हवं होतं. पण दिवसाची मजुरी बुडते, रक्ततपासणीचा खर्च येतो. शिवाय, गोळ्या खाऊनही दुखते म्हटलं तर डॉक्टर म्हणतील तू नीट घेत नसशील, ही भीती. या लाजेपायी मी दोन महिने काढले.

अशात आमच्या हिंगणघाटकडच्या आठवडी बाजारात एक माणूस भोंगा लावलेल्या गाडीतून आला. माझी बोटं हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमचा वात लय जुना आहे. अंग्रेजी गोया बंद करा, त्याहीनंच हाडं पोकळ होतेत." एकवीस पुड्या, दीड हजार रुपये. तपकिरी भुकटी, सुंठीचा वास, पुडीवर नाव नाही की तारीख नाही.

पहिली पुडी रात्री मधातून घेतली. पहाटे उठले आणि मूठ वळली. मी अंधारात बसून दोन्ही हात उघडत-मिटत राहिले. चहाच्या भांड्याचं झाकण एका हातानं उचललं आणि रडू आलं. इतक्या वर्षांत अशी सकाळ आली नव्हती. वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगते, आमवातावर झाडपाला असा एका रात्रीत उतरत नाही. मेथोट्रेक्झेटसारखी खरी औषधंसुद्धा गुण द्यायला कित्येक आठवडे घेतात.

मग मीच त्याची जाहिरात झाले. मोठ्या जाऊबाईंचे गुडघे दुखायचे; त्यांना मीच बाजारात नेलं. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, आता मुळापासून काढायचं तर भस्म घालावं लागेल, अकरा हजार. ते मी बचत गटातून उचलले. मेथोट्रेक्झेट तर पहिल्याच आठवड्यात बंद केली होती.

पाच महिन्यांत चेहरा गोल झाला. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. भूक आवरायची नाही. नुसता पाटीचा काठ लागला तरी हातावर जांभळा डाग उठायचा. गुढीपाडव्यानंतर तो यायचा थांबला, फोन बंद. पुड्या संपत आल्या, तेव्हा उरलेल्या सात जपून ठेवल्या आणि घेणं थांबवलं. चौथ्या दिवशी ओकाऱ्या, डोळ्यापुढं अंधार. अंगणातच पडले.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाकडं पाहूनच विचारलं, "कोणाची पुडी घेत होतात?" रक्तदाब खूप खाली, साखर तीनशेवर. त्यांनी समजावलं, अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड, म्हणजे सूज झटकन उतरवणारं औषध, मिसळलेलं असतं. ते वाईट औषध नाही, डॉक्टरही देतात, पण मोजून आणि लक्ष ठेवून. बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं थांबवतं. म्हणून एकदम सोडलं की जिवावर बेतू शकतं. हळूहळू कमी करत आणावं लागतं. कोणी अशी पुडी घेत असेल तर ती फेकू नका, मनानं बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडं जा. गोळी पुरत नसेल तर तेही तोंडानं सांगा. मात्रा वाढवता येते, दुसरं औषध जोडता येतं. माझं तसंच केलं. आता दुखणं अर्ध्यावर आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मगच कामाला लागते. पण त्या पाच महिन्यांत डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, ती तशीच राहणार.

संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे, हे मला तिथं कळलं. घरी आल्यावर अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज केला. माझ्याकडं बिल नव्हतं, त्याचं खरं नावही ठाऊक नव्हतं.

पण वॉर्डात शुद्धीवर आल्यावर पहिला फोन केला तो जाऊबाईंना. त्या तर सगळ्या पुड्या चुलीत टाकायला निघाल्या होत्या. म्हटलं, "बाई, टाकू नका, सोडूही नका, घेऊन या." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या आल्या, पुड्या पदराच्या गाठीत बांधून. त्यांचे हात थरथरत होते, माझी बोटं वळत नव्हती. गाठ शेवटी सिस्टरनं सोडली.