सेशेल्सची बोनफिश ट्रिप आणि माझे गेलेले 5,34,100 रुपये

आकडा शीर्षकातच लिहिला, कारण नंतर तो लिहायचा धीर झाला नसता. गेले दोन महिने घरात आणि ऑफिसात मी "ट्रिप पुढे ढकलली" असं सांगत होतो. मागच्या आठवड्यात माझ्याबरोबर गळ टाकायला येणाऱ्या एका मित्राने विचारलं, "अरे, सेशेल्सला एक रॉड, म्हणजे एका मासेमाराची जागा, रिकामा झालाय म्हणतात, अर्ध्या किमतीत, तू चौकशी केली होतीस ना?" तेव्हा पोटात गोळा आला. म्हणून आता मी कसा फसलो ते सगळं लिहितो.

वेबसाइटच्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे, व्हॉट्सअॅपवर गोड बोलणारा माणूस, "आजच निर्णय घ्या" ही घाई, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. चोवीस वर्षं खरेदी विभागात काढली आहेत, रोज पुरवठादारांची कोटेशनं तपासतो, खोटं बिल लांबून ओळखतो. त्यामुळे "हा बावळट होता, म्हणून फसला" असं म्हणून पुढे जाऊ नका.

बोनफिशचं वेड ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उष्ण कटिबंधातल्या बेटांभोवती पांढऱ्या वाळूचे मैलोन्मैल उथळ पट्टे असतात, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. त्यांना फ्लॅट्स म्हणतात. भरतीचं पाणी चढायला लागलं की बोनफिश खोल पाण्यातून तिथे येतात आणि वाळूत तोंड खुपसून खेकडे-कोळंबी शोधतात. अंग आरशासारखं असल्यामुळे मासा दिसतच नाही, वाळूवरून सरकणारी सावली दिसते. कधी शेपटीचं टोक पाण्याबाहेर येऊन उन्हात चमकतं. त्याच्यापुढे साठ फुटांवरून, तोंडावर वारा घेत, अलगद फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याचं खोटं आमिष, पडली पाहिजे. लागला तर शंभर मीटर लाइन एका दमात ओढून नेतो, आणि शेवटी हातात घेऊन सोडून द्यायचा. मी रायगडच्या खाडीकाठचा, जिताड्यावर वाढलेला. फ्लाय फिशिंग शिकलो हिमाचलात, तीर्थन नदीवर ट्राउटसाठी. पन्नाशीला एकदा बोनफिश, हे मी बारा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. 8 नंबरचा रॉड घेतला. वर्षभर रोज सकाळी सहाला घराजवळच्या शाळेच्या मैदानावर, लाइनच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून, कास्टिंग करत होतो. शाळेचा वॉचमन गेट उघडून द्यायचा.

मुंबईहून माहेला, म्हणजे सेशेल्सच्या मुख्य बेटाला, थेट विमान आहे, भारतीयांना व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन प्रवास परवानगी घेतली की झालं. पण बोनफिशचे खरे फ्लॅट्स माहेला नाहीत. ते दूरच्या बेटांवर, अल्फोन्स, सेंट फ्रान्स्वा, फार्कार, कॉस्मोलेडो अशा ठिकाणी. तिथे छोट्या विमानाने जावं लागतं, आठवड्याला मोजकेच रॉड घेतात, आणि खर्च माणशी दहा लाखांच्या आसपास किंवा पुढेच. म्हणूनच "एका दक्षिण आफ्रिकन जोडप्याने रद्द केलं, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, एक रॉड, 5,85,000" असा मेसेज आला तेव्हा मी आधी हिशोब केला, संशय नंतर. हंगाम बरोबर होता, तिथे ऑक्टोबर ते मे मासेमारी चालते. रद्द झालेल्या जागा शेवटच्या क्षणी स्वस्तात जातात, हेही मी ऐकून होतो. सगळं पटण्यासारखं होतं हो.

2 सप्टेंबर, 1,75,000, आगाऊ रक्कम. 9 सप्टेंबर, 2,35,000, दुसरा हप्ता. त्यासाठी बायकोने तिची मुदत ठेव मोडली. "पन्नाशीची भेट" म्हणाली. 18 सप्टेंबर, 96,500, माहेहून बेटापर्यंतच्या विमानाचे. 24, 25 आणि 26 सप्टेंबर, रोज 9,200 यूपीआयने, "संवर्धन शुल्क". एकूण 5,34,100. माहेच्या विमानाची तिकिटं खरी होती, त्यांचा परतावा कापून मिळाला, ते यात धरलेलं नाही.

पैसे परदेशात न पाठवता इथल्याच एका "भारतातल्या प्रतिनिधी"च्या चालू खात्यात भरायचे होते. कारण दिलं टीसीएसचं, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या कराचं. परदेशी पॅकेजवर तो कापला जातो, बँकेत फॉर्म भरावे लागतात, "सर, तुमचा त्रास वाचेल." खातं परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावावर. मी, जो पुरवठादाराच्या खात्याचं नाव बिलाशी जुळलं नाही तर पेमेंट थांबवतो, तो गप्प बसलो! आणि टीसीएस बुडीत जात नाही, तो विवरणपत्रात परत मिळतो. मला हे पाठ आहे. परदेशातल्या लॉजचे पैसे भारतातल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात मागितले की फोन ठेवून द्या. त्यात दुसरा विचार करण्यासारखं काहीच नाही.

पण माझा जीव जळतो तो या खात्यामुळे नाही. जळतो तो दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही मासेमारीच्या आहेत.

पहिली. त्यांनी पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा, कवेत भला मोठा चंदेरी मासा. खालचा जबडा वर वळलेला, खवले तळहाताएवढे, पाठीवरच्या पराचं शेवटचं टोक दोऱ्यासारखं लोंबतंय. खाली लिहिलंय, सेशेल्स. मंडळी, तो टारपन होता. एवढा टारपन अटलांटिकमध्ये असतो, फ्लोरिडा, कॅरिबियन, पश्चिम आफ्रिकेचा किनारा. हिंदी महासागरात त्याचा चुलतभाऊ सापडतो, तो साधारण फूट-दीड फुटाचा. मी तो फोटो मोठा करून पाहिला. विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "फाइल फोटो सर." आणि मी ते मान्य केलं. त्या रात्री 3 सप्टेंबर होता, तोवर फक्त 1,75,000 गेले होते. तिथे थांबलो असतो तर बायकोची ठेव शाबूत असती.

दुसरी तर याहून वाईट. दुसरा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. टोपीवाला माणूस, मागे नारळ, "बेटावर नेटवर्क वीक आहे." मी विचारलं, त्या आठवड्यात उधाण (मोठी भरती) आहे की भांग (पाण्याची चढ-उतार कमी)? पाणी फ्लॅटवर सकाळी चढतं की दुपारी? फ्लॅट्सवरची सगळी मासेमारी पाण्यावर असते. भांगाला काही पट्ट्यांवर पाणी पुरेसं चढतच नाही, उधाणाला ओहोटीत होडी अडकते. खाडीवरचं दहा वर्षांचं पोर हे सांगेल. त्याने उत्तर दिलं, "ऑल टाइड गुड सर, फिश हंड्रेड परसेंट गॅरंटी." ज्याचं पोट पाण्यावर आहे तो माणूस असं बोलूच शकत नाही. खरा गाइड माशाची हमी कधी देत नाही, आणि पाण्याबद्दल विचारलं तर अर्धा तास बोलायचा थांबत नाही. माझे वडील अमावास्या-पौर्णिमेवरून खाडीचं पाणी सांगायचे. त्यांचा मुलगा असून मी ते वाक्य ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी 2,35,000 पाठवले. मनाशी म्हणालो, हा ऑफिसातला माणूस असेल, गाइड वेगळा असेल. मला ती ट्रिप हवी होती, म्हणून मी त्याच्या वतीने उत्तरं तयार केली.

तेव्हा कोणी फ्लॅट्सची ट्रिप विकत असेल तर पैशांआधी भरती-ओहोटी विचारा. तारीख देऊन विचारा. आणि सामानाचं वजन विचारा. छोट्या विमानात किलोकिलोचा हिशोब असतो. मला "नो लिमिट सर" असं सांगितलं होतं. खरी जागा तुमचा अनुभव, रॉडचा नंबर, विमा, औषधांची अॅलर्जी असं सगळं विचारते. यांनी माझ्याकडून फक्त आधार कार्डाचा फोटो आणि पेमेंटची पावती घेतली.

उघडकीला आलं ते 7 ऑक्टोबरला. गरीचा काटा चपटा करून आणायचा का, हे विचारायला मी, ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या खऱ्या लॉजला, स्वतंत्र मेल केला, पत्ता स्वतः शोधून. त्यावर नम्र उत्तर आलं. तुमचं नाव आमच्या कुठल्याच आठवड्याच्या यादीत नाही. हा एक मेल 1 सप्टेंबरला करायला हवा होता. फुकट असतो मेल.

मग मी नऊ दिवस काहीच केलं नाही. लाज वाटत होती. ही माझी चूक, कबूल. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, पहिल्या तासाभरात फोन करा, तेव्हाच पैसे वाटेत अडवता येतात. नंतर ते दहा खात्यांत फिरतात.

पण नऊ दिवसांनी गेलेल्या माणसालाही तक्रारीचा हक्क असतो की नाही? पोलीस चौकीतल्या माणसाने माझा अर्ज वाचला आणि शेजारच्याला हाक मारली. "अरे, हे बघ, मासे धरायला पाच लाख." मग मला, "आणि धरून सोडून देणार? मग धरायचा कशाला?" दोघे हसले. मी पन्नास वर्षांचा माणूस, हातात बँकेचे शिक्के मारलेले सहा कागद घेऊन उभा. मी पाच लाखांत मासे धरीन नाहीतर पतंग उडवीन, चोरी ती चोरी. कोणाची मोटार चोरीला गेली तर "एवढी महागडी कशाला घेतली" असं विचारता का?

दुसऱ्या खेपेला सांगितलं, खातं परराज्यातलं आहे, आमची हद्द नाही. हे ऐकून परत येऊ नका. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते स्पष्ट लिहिलंय. मी हे बोललो तर म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला अर्ज परत टाइप करून आणा. पाचव्या खेपेला नोंद झाली, तीही ओळखीच्या वकिलाला बरोबर नेलं तेव्हा. पाच खेपा, पाच अर्ध्या रजा. मग पोलिसांच्या या विभागांना सायबर हे नाव कशाला लावायचं?

बँकेचं तर बोलूच नका. "पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही." मी जबाबदारी मागतच नव्हतो. मी एवढंच विचारत होतो की ज्या खात्यात माझ्यासारख्यांचे लाखो रुपये येऊन त्याच दिवशी निघून गेले, ते खातं उघडताना कोणाचा पत्ता तपासला होता. काउंटरवरच्या बाईंनी मला फॉर्म दिला. तो भरून दिला त्याला सात आठवडे झाले. त्या खात्यात आता 3,112 रुपये गोठवलेले आहेत, आणि तेही अजून माझ्या हातात आलेले नाहीत.

अजून एक, घाईने सांगतो. तक्रार केल्यावर पंधरा दिवसांत एक फोन आला. "तुमची केस आमच्याकडे आहे, रक्कम सुटली आहे, 12,000 प्रक्रिया शुल्क भरा." त्यांच्याकडे माझा आकडा होता, बरोबर 5,34,100. तो आकडा पोलीस, बँक, वकील आणि चोर यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता. एक पैसा भरू नका. कुठलंही सरकारी खातं तुमचेच पैसे परत द्यायला फोनवर शुल्क मागत नाही. मी तो नंबर, वेळ, स्क्रीनशॉट असं सगळं घेऊन सहाव्यांदा ठाण्यात गेलो. तपास अधिकाऱ्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी विचारलं, "तुमची नेमकी तक्रार काय आहे?" आणि मी परत पहिल्यापासून, बोनफिश म्हणजे काय इथून, सांगायला सुरुवात केली.