खेड्यातल्या खुणांचा कोश: एक्सेल, इलान की साइनबँक?

यवतमाळकडच्या एका गावात कर्णबधिर आजींची एक खूण आम्ही टिपली. पाची बोटांची टोकं जुळवून बोंडातून ओढल्यासारखा हात, दोनदा. वहीत मी 'कापूस' लिहिलं. संध्याकाळी त्यांनी तीच खूण 'वेचणी'साठी केली, आणि मजुरीचा हिशेब सांगतानाही. एका खुणेच्या माझ्याकडे तीन नोंदी झाल्या. अशा खुणांचा कोश करायला एक्सेल, इलान, साइनबँक यांपैकी कोणतंही साधन निवडा, पण नोंद खुणेची असू द्या, मराठी शब्दाची नव्हे. प्रत्येक खुणेला एक कायमचं नाव द्या, अर्थ त्याखाली कितीही येऊ देत.

एक्सेल आज रात्रीच सुरू करता येतं, ते सगळ्यांना येतं. पण त्यात खूण दिसत नाही, फक्त तिचं वर्णन दिसतं. एकजण 'मूठ' लिहितो, दुसरा 'बंद मूठ', आणि मग हाताच्या आकारावरून शोधायला गेलं की अर्ध्या नोंदी हाती लागत नाहीत. हातांचा आकार, जागा आणि हालचाल हे खुणेचे घटक अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये मांडले. या घटकांचे रकाने ठेवा आणि पर्याय ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावा.

इलान हे नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर. व्हिडिओखाली काळाच्या पट्ट्या असतात. उजवा हात, डावा हात, चेहरा असं वेगवेगळं नोंदवता येतं आणि खूण कुठे सुरू झाली, कुठे संपली ते नेमकं बांधता येतं. इंटरनेट लागत नाही; आमच्याकडे दुपारी रेंज जाते, त्यामुळे मला हे फार मोलाचं वाटतं. शिकायला आठवडाभर द्यावा लागतो. मात्र इलान म्हणजे कोश नव्हे, तो वापराचा पुरावा.

साइनबँक हा खरा कोश. ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिरांच्या ऑस्लान या सांकेतिक भाषेसाठी तो उभा राहिला, पुढे इतर सांकेतिक भाषांनी घेतला. त्याची शब्दयादी इलानला जोडता येते, म्हणजे दोन जणांनी एकाच खुणेला दोन नावं देण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. पण सर्व्हर हवा, तो सांभाळणारा माणूस हवा. शिवाय व्हिडिओत चेहरा दिसतो, तेव्हा काय खुलं ठेवायचं याची परवानगी घरच्यांकडून नव्हे, खूण करणाऱ्याकडूनच घ्यायची, आणि तीही खुणांतच समजावून.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 पर्यंत 10,000 झाला. शेजारी ठेवून पडताळायला तो हवाच. पण शाळेत न गेलेल्या माणसाची घरगुती खूण त्याच्याशी जुळली नाही, तर ती चुकीची ठरवू नका. वय, गाव, शाळा हे रकाने त्यासाठीच.

दोघा-तिघांची टीम आणि काहीशे खुणा असतील तर माझं मत इलान आणि एक्सेल, दोन्हीकडे खुणेचं नाव तेच. एखादं महाविद्यालय सर्व्हर सांभाळायला तयार झालं की साइनबँककडे जा. तोवर मूळ व्हिडिओ दोन हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.