बाउंटीचे पैसे कुठे बुडतात

ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुला कोड असलेल्या प्रकल्पातल्या एखाद्या इश्यूवर (नोंदवलेल्या त्रुटीवर किंवा मागणीवर) कुणीतरी रोख बक्षीस लावतं. हीच बाउंटी. काम करा, पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल घ्यावा ही विनंती) मर्ज झाली, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, की पैसे तुमचे. डॉलरमधला आकडा बघून शिकणारी मुलं रात्री जागवतात. त्यांनी कामाला हात घालण्याआधी बाउंटीसोर्स या बाउंटी चालवणाऱ्या संकेतस्थळाचं काय झालं ते वाचावं.

तिथे देणगीदार रक्कम आधीच भरत आणि काम होईपर्यंत ती बाउंटीसोर्सकडेच राही. मधल्या काळात मालक बदलले. २०१७ मध्ये ते एका ब्लॉकचेन कंपनीकडे गेलं. जून २०२० मध्ये नवी अट आली: दोन वर्षांत कुणी काम पूर्ण केलं नाही तर रक्कम बाउंटीसोर्स ठेवून घेणार. ओरड झाली, अट मागे घेतली गेली. पण २०२३ मध्ये पैसे काढण्याच्या विनंत्याच अडकल्या. कोड मर्ज झालेला, बाउंटी मंजूर झालेली, खात्यावर शिल्लक दिसतेय आणि हातात काही नाही, अशी अनेकांची गत झाली. त्यामुळे जिथे शिल्लक साठते तिथे ती साठू देऊ नका. प्रत्येक बाउंटी मिळाली की लगेच बँकेत काढा.

दुसरा धोका इतका उघड दिसत नाही. बक्षीस लावणारा आणि कोड स्वीकारणारा मेंटेनर बहुतेकदा वेगळे असतात. मेंटेनरला इश्यूत मागितलेली सोय नकोच असेल, तर कितीही चांगला कोड लिहा, मर्ज होणार नाही. शिवाय एकाच इश्यूवर चारपाच जण एकदम काम करतात आणि पैसे एकालाच मिळतात. बाकीच्यांची मेहनत फुकट जाते आणि घाईने लिहिलेल्या चार पुल रिक्वेस्ट तपासत मेंटेनर बसतो. त्या तपासणीचे, आणि पुढची कित्येक वर्षं तो कोड सांभाळण्याचे, त्याला बाउंटीतून काहीच मिळत नाही. मला यातला हाच भाग सर्वांत अन्यायाचा वाटतो.

तिसरी तर सरळ चोरी. अनोळखी माणूस टेलिग्रामवर किंवा लिंक्डइनवर गाठतो, छोटा बग काढायला रेपो (प्रकल्पाच्या कोडचं फोल्डर) पाठवतो. बग खराच असतो. घात असतो तो पॅकेज डॉट जेसन या फाइलमधल्या पोस्टइन्स्टॉल ओळीत. जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी एनपीएम इन्स्टॉल ही आज्ञा दिली की ती आपोआप चालते आणि ब्राउझरमधले पासवर्ड, एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरायची डिजिटल किल्ली), क्रिप्टो वॉलेट उचलून नेते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फोल्डर उघडताना ‘ट्रस्ट’वर टिचकी मारली तरी टास्क्स फाइलमधली आज्ञा चालू शकते. असा रेपो आधी ब्राउझरमध्येच वाचा. इन्स्टॉल करताना इग्नोर स्क्रिप्ट्स हा पर्याय लावा, आणि चालवायचाच तर रिकाम्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकात). पैसे सोडवण्यासाठी आधी ‘गॅस फी’ (क्रिप्टो व्यवहाराचं शुल्क) मागितली तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही.

बाउंटी चालते ती मर्यादित कामाला: आत्ता नापास होणारी टेस्ट (कोडची चाचणी) ठरलेली आहे, ती पास करायची, बस्स. मोठ्या कामाला गूगल समर ऑफ कोडसारखी रचना बरी. तिथे माणूस आधी निवडला जातो, मेंटॉर ठरतो, मूल्यमापनानंतर टप्प्याने पैसे मिळतात. देणगीदारांनी मेंटेनरला दरमहा थेट पैसे द्यावेत. गिटहब स्पॉन्सर्स आणि ओपन कलेक्टिव्ह त्यासाठीच आहेत.

तरीही बाउंटी घ्यायचीच असेल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी इश्यूवर उघडपणे विचारा: मेंटेनरला हे हवंय का, काम मला नेमून द्याल का, रक्कम भरली आहे का आणि ती कुणाकडे आहे? आठवड्याभरात मेंटेनरचं उत्तर आलं नाही, तर तो इश्यू सोडून द्या.