पश्चिमेच्या भिंतीवरचा वॉलपेपर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही डोंबिवलीतील आमच्या वन बीएचके घराचे रूप कोणतीही तोडफोड न करता बदलले होते. हॉलच्या एका भिंतीला मागचा कागद सोलून चिकटवायचा वॉलपेपर, सर्व खोल्यांत नवे दिवे, नवे पडदे आणि जुन्या लोखंडी कपाटाला नवा रंग, एवढीच कामे होती. यांपैकी वॉलपेपर जुलैत भिंतीवरून सुटला, दुकानदाराने हात वर केले, आणि त्यानंतरच्या खटाटोपात भिंत, ओल आणि गॅरंटी यांविषयी जे कळले, ते घर नवे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. रोलचे माप, जाडी आणि किमती सगळीकडे मिळतात, म्हणून येथे वापरात काय घडले तेच सांगते.

आमची इमारत ऐंशीच्या दशकातील, चार मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली आहे. वॉलपेपर लावला ती भिंत पश्चिमेची, म्हणजे थेट पाऊस झेलणारी बाहेरची भिंत आहे, आणि तिच्यावर पूर्वीचा डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवून लावायचा साधा रंग, होता. दुकानातून आलेल्या कारागिराने फडक्याने भिंत पुसली आणि अर्ध्या दिवसात काम संपवले. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत मी या वॉलपेपरवर अत्यंत समाधानी होते. राखाडी-हिरव्या बारीक नक्षीमुळे हॉल नीटनेटका दिसू लागला होता, दिवाणाला टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग ओल्या कापडाने निघत होते, आणि नक्षी जुळवताना वाया जाणारा भाग धरूनही खर्च पुट्टी, प्रायमर आणि रंगाच्या खर्चापेक्षा बराच कमी आला होता. त्या काळात कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून शिफारस केली असती, आणि दोन नातेवाइकांकडे ती केलीही.

जूनच्या उत्तरार्धात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक फुगवटा दिसला. बोटाने दाबला की तो बाजूला सरकत असे. जुलैच्या संततधारेत पट्ट्यांचे सांधे उघडले आणि एके रात्री मधली संपूर्ण पट्टी स्वतःच्या वजनाने खाली आली. तिची मागची बाजू पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. गोंद शाबूत होता आणि हाताला अजूनही चिकटत होता, पण त्या गोंदाला डिस्टेंपरचा संपूर्ण थर अंड्याच्या टरफलासारखा चिकटून आला होता. त्या थरावर बुरशीचे काळपट हिरवे ठिपके होते. उघड्या पडलेल्या भिंतीवर क्षारांची पांढरी, मिठासारखी भुरी धरली होती आणि नखाने टोकरले तरी गिलाव्याची वाळू खाली पडत होती. सुटला होता तो भिंतीवरचा रंग, आणि वॉलपेपर त्याच्याबरोबर आला होता.

याचे कारण साधे आहे. बाहेरच्या भिंतीत पावसाचे पाणी थोडेफार मुरतेच आणि उघडीप मिळाली की ते आतल्या व बाहेरच्या दोन्ही बाजूंनी वाफ होऊन निघून जाते. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे भिंतीला वाळायला मिळणारा वेळ मुळातच अपुरा असतो. अशा भिंतीवर आमच्या वॉलपेपरसारखा पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पडदा चिकटवला की आतल्या बाजूची वाट पूर्णपणे बंद होते, पाणी पडद्यामागे अडकते, विटांतील आणि सिमेंटमधील क्षार पृष्ठभागावर येतात आणि मुळातच भुसभुशीत असलेला डिस्टेंपर भिंतीला सोडतो. डिस्टेंपरच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि पांढरी भुकटी लागली, तर तो थर खरवडून, प्रायमर देऊन मगच काहीही चिकटवावे, ही गोष्ट प्रत्येक जुन्या रंगाऱ्याला माहीत असते. आमच्याकडे आलेल्या कारागिराने हात फिरवूनही पाहिला नाही, आणि या एका गोष्टीचा राग मला आजही आहे.

दुकानदाराकडे गेल्यावर त्यांनी पाकिटावरच्या ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘५ वर्षे गॅरंटी’ या ओळींखालच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवले. ओलसर किंवा रंग सुटणाऱ्या भिंतीवर ही गॅरंटी लागू नाही, असे तेथे छापले होते. ‘‘ताई, पाणी पुढून आलं असतं तर बदलून दिलं असतं. भिंतीतल्या पाण्याला आम्ही काय करणार?’’ असे ते म्हणाले. माझे म्हणणे एवढेच होते की माल विकताना भिंत बाहेरची आहे का, तिच्यावर कोणता रंग आहे, हे विचारणे त्यांचे काम होते, आणि लावण्याची मजुरीही त्यांनीच घेतली होती. दोन फेऱ्यांनंतरही ते ऐकेनात, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. जीएसटीचे पक्के बिल, ज्यात माल आणि मजुरी वेगवेगळी लिहिली होती, आणि सुटलेल्या पट्टीचे फोटो यांचा येथे खरा उपयोग झाला. तक्रारीनंतर दुकानाने मजुरी परत केली, मालाचे पैसे दिले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो मार्ग अजून खुला आहे. ज्यांनी ‘बिलाशिवाय थोडं कमी करून देतो’ या आमिषाला होकार दिला असेल, त्यांच्या हातात मात्र यातले काहीच राहत नाही.

या प्रकरणानंतर माझे सर्वांत ठाम मत असे बनले आहे की घर नवे करण्याची पहिली वस्तू रंग किंवा कागद नसून एक फूट चौरसाचा जाड प्लास्टिकचा तुकडा आहे. तो भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक पूर्ण दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव जमले किंवा त्याखालची भिंत गडद दिसू लागली, तर भिंतीत पाणी आहे असे समजावे. ही तपासणी उन्हाळ्यात केली तर भिंत कोरडीच दिसते, म्हणून ती पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताच करावी. आम्ही ऑगस्टमध्ये ती प्रत्येक भिंतीवर केली. पश्चिमेच्या भिंतीवर तासाभरातच थेंब दिसले, हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर काहीच आले नाही. हाच वॉलपेपर त्या मधल्या भिंतीवर लावला असता तर कदाचित मी येथे त्याचे कौतुक लिहिले असते.

पाणी कोठून येते ते शोधल्याशिवाय आतून ‘डँप प्रूफ’ लेप लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मी तो घेतला नाही आणि घेऊ नये असेच सुचवीन, कारण मुरलेले पाणी अशा लेपामागे अडून बाजूच्या भिंतीत किंवा खालच्या खोलीत वाट काढते. आमच्याकडे खिडकीच्या ग्रिलचे पाय बाहेरच्या भिंतीत जेथे रोवले होते तेथील सिमेंट फुटले होते आणि छज्जाच्या सांध्याला लांब भेग होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर स्वतःच्या संडास-बाथरूम किंवा सिंकमुळे होणारी गळती सभासदाने. ही तरतूद लेखी अर्जात नमूद केल्यावर समितीची भाषा बदलली, आणि दसऱ्यानंतर झुल्यावरून माणूस उतरवून भेगा भरल्या गेल्या. पुन्हा झुला बांधण्याचा खर्च वाचावा म्हणून त्याच वेळी वरच्या मजल्यावरील सभासदांचीही कामे झाली.

आता दिव्यांविषयी, कारण या सर्व खर्चात सर्वाधिक फळ त्यांनीच दिले. आमच्या घरात सर्वत्र ६५०० केल्व्हिनचे (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर), म्हणजे दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणारे निळसर पांढरे दिवे होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या, स्वस्तात एलईडी बल्ब देणाऱ्या सरकारी उजाला योजनेनंतर एलईडी बल्ब स्वस्त झाले, पण ट्यूबलाइटमुळे सवयीचा झालेला तोच पांढराफेक प्रकाश बहुतेक घरांत कायम राहिला. या प्रकाशात शिसवी लाकूड राखेसारखे दिसते आणि भिंतीवरचा प्रत्येक उंचसखलपणा डोळ्यांत भरतो. हॉलमध्ये छताच्या मधोमध असलेल्या एकाच पट्टीऐवजी आम्ही ३००० केल्व्हिनचे तीन लहान दिवे तीन ठिकाणी लावले. एक दिवाणाशेजारी खांद्याच्या उंचीवर, एक पुस्तकांच्या फळीवर आणि एक पडद्याच्या वर भिंतीकडे तोंड करून. वायरिंग बदलावे लागले नाही, असलेल्या प्लगमधूनच काम झाले. वीस वर्षांत त्या खोलीला जो आपलेपणा आला नव्हता तो त्या संध्याकाळी आला, आणि हे मी अतिशयोक्ती न करता लिहीत आहे.

सुरुवातीला माझे मत होते की संपूर्ण घरात हाच पिवळसर प्रकाश असावा, आणि स्वयंपाकघरातही मी तोच लावला होता. चार-पाच महिन्यांच्या वापरानंतर ते मत बदलले. या प्रकाशात मेथी निवडताना पिवळी पडलेली पाने हिरव्या पानांत मिसळून जातात, तांदळातला खडा चटकन दिसत नाही, आणि फोडणीतील मोहरी तडतडून झाली की करपली हे रंगावरून ओळखता येत नाही. ओट्यावर आता ४००० केल्व्हिनचा, म्हणजे ‘नॅचरल व्हाइट’ दिवा आहे आणि तो अगदी योग्य आहे. खोक्यावर केल्व्हिनइतकाच सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडाही पाहावा. तो ८० च्या खाली असलेल्या दिव्यात रंग मेलेले दिसतात, आणि ९० चा दिवा थोडा महाग असला तरी निदान ओट्यासाठी घ्यावा. दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो असे समजावे. आमच्या पहिल्या खरेदीतील स्वस्त दिवे याच कारणाने परत केले, आणि त्या दुकानदाराने मात्र एकही प्रश्न न विचारता ते बदलून दिले.

पडद्यांविषयी थोडक्यात सांगते. पूर्वीचे जाड, तपकिरी, चमकदार पडदे काढून पातळ सुती कापडाचे फिक्या रंगाचे पडदे लावले आणि पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीऐवजी छताच्या जवळ नेली, त्यामुळे खोलीची उंची वाढल्यासारखी वाटते. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. आमच्या शिंप्याने हे आग्रहाने करायला लावले म्हणून पहिल्या धुण्यानंतरही पडदे जमिनीपासून वर सरकले नाहीत. पश्चिमेचे ऊन अडवण्याचे काम मात्र या पडद्यांना जमत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यामागे जुनी चादर अडकवावी लागली.

लोखंडी कपाट हा या सगळ्यातील अनपेक्षित आनंद आहे. सासूबाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेले हे कपाट भंगारात द्यायचे ठरत होते. पॉलिश पेपरने घासून, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड या गंजरोधक प्रायमरचा हात देऊन आणि गडद निळ्या ऑइल पेंटचे दोन हात मारून ते उभे केले, प्रत्येक हातानंतर एक दिवस सुकू दिले. रंग, प्रायमर, टर्पेंटाइन आणि ब्रश मिळून हजार रुपयांच्या आत काम झाले. वर्ष होत आले तरी एकही टवका निघालेला नाही, आणि नव्या लॅमिनेटच्या कपाटाची किंमत ऐकल्यावर या खर्चाचे समाधान आणखी वाढते. सासूबाई आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी कपाट दाखवतात.

पैसे न लागलेल्या एका बदलाचाही उल्लेख करते, कारण त्याचा संबंध ओलीशीच आहे. दिवाण पश्चिमेच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढला आणि त्याच्यामागे कोंबलेल्या पिशव्या काढून टाकल्या. हवा खेळू लागल्यापासून त्या कोपऱ्यातील कुबट वास गेला, आणि खोली लहान होण्याऐवजी मोकळी दिसू लागली.

सध्या पश्चिमेची भिंत खरवडलेली, उघडी आणि दिसायला वाईट अशीच आहे. दिवाळीपूर्वी रंगवून घ्या असे सर्वांनी सुचवले, पण प्लास्टिकच्या तुकड्याखाली परवापर्यंत दव जमत होते आणि तो पूर्ण कोरडा निघेपर्यंत मी तिला हात लावू देणार नाही. त्यानंतर मोकळा गिलावा काढून, नवा गिलावा घालून आणि तो पूर्ण वाळवून, पुट्टीचा पातळ हात, प्रायमर आणि साधा मॅट इमल्शन एवढेच होईल. पुढचा पावसाळा संपला की भरलेल्या भेगा टिकल्या का, तेही येथेच लिहीन. वॉलपेपरचा एक न उघडलेला रोल उरला आहे. हॉल आणि बेडरूममधल्या कोरड्या भिंतीवरचा डिस्टेंपर खरवडून, तिला प्रायमर देऊन तो तेथे लावणार आहे, आणि या वेळी कारागिराच्या आधी भिंतीवरून माझा हात फिरेल.