स्पोर्ट पोनी घरी आणायचंय: शिंगरू, कोरं तीन वर्षांचं, की बसायला तयार केलेलं?

शोसाठी कोवळ्या वयाचं स्पोर्ट पोनी, म्हणजे स्पर्धांत बसायच्या कामाचा छोट्या उंचीचा घोडा, घ्यायचं म्हटलं की लोक आधी जातीवर येतात. वेल्श बरं, कॉनेमारा बरं, की जर्मन राइडिंग पोनी? मला विचाराल तर आधी वय ठरवा. पुढची तीन-चार वर्षं तुमचा रोजचा वेळ कशात जाणार हे वयावर ठरतं, जात त्यानंतर पाहता येते. मी एकदा आईपासून नुकतंच तोडलेलं सात महिन्यांचं शिंगरू आणलं होतं. काही वर्षांनी तीन वर्षांची कोरी घोडी आणली, म्हणजे पाठीवर कधीच कुणी न बसलेली. चार-पाच वर्षांची, बसायला तयार केलेली पोनी मी ओळखीच्यांसाठी पाहायला गेले आहे.

शिंगराची ओढ मला कळते. ते सगळं आपल्या हाताखाली शिकतं, दुसऱ्याच्या चुका त्याच्या अंगात मुरलेल्या नसतात. शोची हौसही लवकर भागते, कारण एक ते तीन वर्षांच्या पोनींना हातात धरून दाखवायचे वर्ग असतात. तिथे बांधा, पायांची ठेवण आणि चाल पाहतात. आधी कदम म्हणजे साधं चालणं, मग दुडकी, मग स्थिर उभं राहणं. गाडीत चढणं, अनोळखी घोडे, लाउडस्पीकर, टाळ्या या सगळ्याची सवय पाठीवर कुणी बसण्याच्या आधीच होते.

पण उंचीचा भरवसा नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पोनी नालाशिवाय 148 सेंमीपर्यंत, नालासह 149 सेंमीपर्यंत. वर्षाचं शिंगरू पूर्ण उंचीच्या साधारण 90 टक्के झालेलं असतं. उरलेली वाढ कुठे थांबेल हे आईबापाकडे पाहून फक्त ताडता येतं. 150 वर गेलं तर घोडा म्हणून छान, पोनींच्या वर्गातून मात्र बाद. वेल्श पोनींचे विभाग पाडलेले असतात, त्यातल्या बी विभागाची मर्यादा 137.2 सेंमी आहे, त्यामुळे आईबाप दोघंही त्या विभागातले असतील तर ही धाकधूक कमी. कॉनेमाराची वरची मर्यादाच 148 आहे, तिथे थोडी जास्त.

उंचीहूनही मोठी अडचण संगतीची. शिंगराला बरोबरीचे सवंगडी लागतात. चावलं की चावा बसतो, अंगावर गेलं की लाथ बसते, हे त्याला घोडेच शिकवतात. माझं शिंगरू एका म्हाताऱ्या, सोशिक घोड्याजवळ वाढलं. त्याने कधी दम भरला नाही, आणि मी शिंगराला हातातून खाऊ भरवत राहिले. दीड वर्षाचं झालं तेव्हा दारातून आधी कोण जाणार हे ते खांदा मारून ठरवायला लागलं. ती सवय मोडायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. आणखी एक मोह म्हणजे शोमध्ये गुटगुटीत, चकचकीत दिसावं म्हणून खुराक वाढवणं. तो टाळाच. फार वेगाने वाढणाऱ्या शिंगराच्या सांध्यांतली कूर्चा नीट घडत नाही, आणि पोनींना लठ्ठपणातून लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज, होतो, जो एकदा झाला की पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

तीन वर्षांच्या कोऱ्या पोनीत जे आहे ते समोर दिसतं. उंची जवळजवळ ठरलेली असते, चाल उमगते, स्वभावाचा अंदाज येतो. हाडांचं म्हणाल तर गुडघ्याच्या वरची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, साधारण अडीच वर्षांपर्यंत भरून येते, पण मणक्यांच्या पट्ट्या साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण भरत नाहीत. म्हणून तीन वर्षांच्या पोनीला बसायची ओळख करून द्यावी, त्याच्याकडून काम घेऊ नये. चार ते सहा आठवडे हलकं शिक्षण, मग काही महिने कुरणात मोकळं सोडायचं, आणि चौथ्या वर्षी पुन्हा हातात घ्यायचं. मला हा क्रम सगळ्यांत पटतो, कारण मोकळ्या महिन्यांत शरीर भरतं आणि शिकलेलं विसरत नाही.

इथला धोका म्हणजे आधीच्या मालकाने त्याला किती हाताळलंय हे कळत नाही. मी घोडी पाहायला गेले तेव्हा ती खरारा करून, मोहरकी घालून, बांधून तयार होती. शांत, देखणी. घरी आणल्यावर पहिले चार दिवस ती कुरणात हातालाच लागली नाही. आता मी कुणालाही सांगते की पोनी मोकळं असताना पोहोचा. तुमच्या देखत पकडायला लावा, चारही पाय उचलून पाहा, सोबत्यापासून लांब चालवत न्या. जमलं तर गाडीत चढवूनही बघा.

बसायला तयार केलेलं चार-पाच वर्षांचं पोनी घेतलं की तुमची दोन वर्षं वाचतात. त्याच मोसमात तुम्ही शोमध्ये बसून उतरू शकता. मात्र ही दोन वर्षं कुणीतरी नीट घालवलेली असावी लागतात. विक्रीसाठी घाईने तयार केलेलं पोनी मान खाली घेऊन सुरेख दिसतं, पण लगाम सैल केला की पाठ ताठ आणि पावलं आखूड. खोगीर आधीच चढवलेलं असेल तर उतरवायला लावा आणि पुन्हा घालताना बघा. कान मागे जातात का? खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळतं का? चढताना उभं राहतं का? उड्या मारून दाखवण्याचा आग्रह धरू नका, कदमाची चाल पाहा. घोटाळा कदमात लपत नाही.

पोनी लहान मुलासाठी, आणि तेही मूल अजून शिकत असेल, तर या तिन्हींपैकी एकही घेऊ नका. मुरलेलं, दहा-बारा वर्षांचं शहाणं पोनी शोधा.

घरी आणल्यावरचे पहिले दिवस तिघांनाही सारखेच. दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळं ठेवायचं, कारण स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी सुजवणारा, संसर्गाने पसरणारा) रोग लागण झाल्यावर 3 ते 14 दिवसांनी दिसतो. रोज दोनदा ताप बघायचा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. जुन्या ठिकाणचं थोडं गवत बरोबर आणावं आणि चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

मग प्रश्न येतो, पाठीवर बसायची सुरुवात घरी करायची की चाबूकस्वाराकडे, म्हणजे घोडे शिकवून तयार करणाऱ्याकडे, पाठवायचं? मोठ्या घोड्याच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, अनुभव नसेल तर पाठवा. पोनीच्या बाबतीत वजनाची अडचण येते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांच्या आत असावं असं मानतात. 300 किलोच्या पोनीसाठी ते 45 ते 60 किलो होतं, आणि कोवळ्या पाठीला त्याहून कमीच बरं. ज्यांना हे काम येतं ते बहुधा जड असतात, हलकी असतात ती मुलं. मुलांना पहिल्यांदा कोऱ्या पोनीवर बसवणं मला मान्य नाही. म्हणून चाबूकस्वार निवडताना फी विचारण्याआधी विचारा की प्रत्यक्ष बसणार कोण आणि त्याचं वजन किती.

घरी करायचं तर निदान जमिनीवरचा भाग तुम्ही करू शकता. दोन लांब दोर घेऊन मागून चालवत थांबणं, वळणं, निघणं शिकवता येतं, आणि पाठीवर एक किलोही पडत नाही. गोलात पळवणं मात्र मोजकंच, दहा-पंधरा मिनिटं आणि मोठ्या गोलात. तोंडात लगाम घालण्याआधी दात तपासून घ्या. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात बदलतात, आणि तोंडात लगामाची कडी बसते तिथे लांडगेदात, म्हणजे दाढांच्या पुढचा छोटा दात, असेल तर तो टोचतो. आमची घोडी आठवडाभर डोकं झटकत होती. मला वाटलं हट्ट करतेय. दंतवैद्याने तोंड उघडून नव्या दाढेवर टोपीसारखी अडकलेली, सैल झालेली दुधाची दाढ काढली, आणि दुसऱ्या दिवशी तिने लगाम स्वतःहून तोंडात घेतला.

तंग पहिल्यांदा आवळला तेव्हा ती त्या दाबाला बुजली नाही. बकलाच्या टिक् आवाजाला बुजली. मग चार दिवस खोगीर न घालता मी नुसतं बकल तिच्या कानाजवळ वाजवत राहिले, ती गवत खात असताना. पाचव्या दिवशी तिने चघळणं थांबवलंच नाही.

तुमच्याकडे कुरण, सवंगडी आणि चार वर्षांचा धीर असेल तर शिंगरू घ्या. याच मोसमात रिंगणात उतरायचं असेल तर तयार पोनी, पण पशुवैद्याची तपासणी करूनच. बाकी बहुतेकांना मी तीन वर्षांचं, हाताळलेलं पण कोरं पोनी सुचवेन. त्या वर्षी त्याला फक्त हातात धरून दाखवायला न्या. पहिल्या शोला तर नावही नोंदवू नका. आमच्या घोडीने पहिला शो मैदानाच्या कडेला गवत खाण्यात घालवला. दुपारी गाडीत चढायची वेळ आली तेव्हा मी दोर हातात घेण्याआधीच ती फळीवर चढली होती.