शाब्दिक उदाहरणं: कळीचे शब्द, पट्टीचं चित्र की सरळ 'क्ष'?

तिसरी-चौथीतल्या मुलाला बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येते, पाढे पाठ असतात. तरीही शाब्दिक उदाहरण आलं की ते वहीतून मान वर करून विचारतं, "आई, हे बेरजेचं आहे की वजाबाकीचं?" पुण्यात अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू म्हणतात शिष्यवृत्तीच्या क्लासला घाला, ऑफिसातलं कुणी बार मॉडेल, म्हणजे पट्ट्यांचं चित्र, सुचवतं, आजोबा म्हणतात 'क्ष' मानायला शिकवा, सगळं सुटेल. मी संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांचं गणित घेते, त्यामुळे या रीती मुलांच्या हातात कशा चालतात ते रोज समोर दिसतं. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी माझं मत ठाम आहे: आधी चित्र, 'क्ष' नंतर, आणि कळीचे शब्द नकोतच.

एकच उदाहरण घेऊ. आई आणि मावशीने मार्केट यार्डातून मिळून तीन डझन आंबे आणले. आईकडे मावशीपेक्षा ८ आंबे जास्त आले. तर प्रत्येकीकडे किती?

कळीच्या शब्दांची रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. 'एकूण' किंवा 'मिळून' दिसलं की बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'पट' म्हणजे गुणाकार, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार. दुसरीच्या एका पायरीच्या उदाहरणांत ती चालते, म्हणून घरोघरी तिच्यावर विश्वास बसतो. पण वरच्या उदाहरणात 'मिळून' आहे, 'जास्त' आहे, आणि दोन्ही शब्द मुलाला बेरजेकडे ढकलतात. छत्तीस आणि आठ चव्वेचाळीस. आणले छत्तीस आणि उत्तर चव्वेचाळीस, हे मुलाला खटकतही नाही, कारण त्याने गोष्ट वाचलेलीच नसते, फक्त आकडे आणि खुणेचे शब्द उचललेले असतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकड्यांचं काहीतरी करून उत्तर दिलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. गणितात आकडे दिले म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच, एवढंच त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. कळीच्या शब्दांनी नेमकी तीच सवय पक्की होते.

'क्ष'ची रीत देखणी आहे, यात शंका नाही. मावशीचे आंबे क्ष, आईचे क्ष अधिक ८, म्हणजे दोन क्ष अधिक ८ बरोबर ३६. मावशीचे १४, आईचे २२. तीन ओळींत काम झालं. पण चौथीतल्या मुलाला विचारा, आठ पलीकडे जाताना उणे का झाले? "बाजू बदलली की चिन्ह बदलतं," एवढंच उत्तर येतं. का बदलतं, हे त्याला सांगता येत नाही. सहावीत समीकरणं येणारच आहेत. तोवर घाई केली तर मूल मांडणी पाठ करतं आणि थोडं वेगळं उदाहरण आलं की अडतं.

आता पट्टी. मावशीसाठी एक आडवी पट्टी काढायची. तिच्या खाली आईची, तेवढीच लांब, आणि पुढे आठचा तुकडा जोडायचा. दोन्हींना मिळून महिरपी कंस घालून ३६ लिहायचं. मग बोलायचं नाही, मुलाला बघू द्यायचं. बरीच मुलं त्या आठाच्या तुकड्यावर आपसूक बोट ठेवतात: "हा काढला तर दोघींचं सारखं होईल!" छत्तीसातून आठ गेले, अठ्ठावीस उरले, निम्मे चौदा. 'क्ष'च्या रीतीत जे चिन्ह बदलून झालं, ते इथे डोळ्यांसमोर झालं. ही रीत सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकात आली. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली चौथीची मुलं गणितात पहिली आली. ते काही एकट्या पट्टीचं यश नव्हे, पण तेव्हापासून जगभर तिच्याकडे लक्ष गेलं.

अपूर्णांकांत तर पट्टीला तोड नाही. समीरने आपल्याकडच्या पैशांपैकी दोन पंचमांश पैशांची अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेतली, उरलेल्यातले निम्मे बहिणीला दिले, त्याच्याकडे ९० रुपये उरले. सुरुवातीला किती होते? पट्टीचे पाच भाग करा, दोन खोडा, तीन उरले. तीनाचे निम्मे कसे करायचे, इथे मूल थबकतं. थबकू द्या. प्रत्येक भाग मधून चिरला की पाचाचे दहा होतात, हे त्याला स्वतःला सुचलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. दहातले चार पुस्तकांना, तीन बहिणीला, उरलेले तीन म्हणजे ९० रुपये. एक भाग ३०, सगळे मिळून ३००. शेवटी ताळा: तीनशेतून एकशेवीस गेले, एकशेऐंशी उरले, निम्मे नव्वद. हा ताळा कधीही सोडू नका. चव्वेचाळीस आंब्यांसारखं उत्तर तिथेच पकडलं जातं.

पट्टी सगळीकडे चालते असंही नाही. पार्किंगमध्ये रिक्षा आणि दुचाकी मिळून २० गाड्या, चाकं ४७, तर रिक्षा किती? इथे पट्टी काढत बसलं की गोंधळ वाढतो. इथे 'समजा' कामाला येतं: समजा सगळ्या दुचाकीच आहेत, तर चाकं ४०. सात चाकं जास्त आहेत, आणि प्रत्येक रिक्षा एक जास्तीचं चाक आणते, म्हणून रिक्षा सात. लहान मूल असेल तर १० रिक्षा, १० दुचाकी असा अंदाज घेऊन तक्ता करू द्या. पन्नास चाकं झाली, तीन जास्त, मग रिक्षा कमी करत जायचं. अंदाज करून बघणं म्हणजे अभ्यास न करणं, असं काही पालकांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक अंदाजानंतर मूल उदाहरणाची अट पुन्हा वाचतं, आणि तेच तर हवं असतं.

शिष्यवृत्तीची तयारी करणारे पालक इथे वेळेचं विचारतात. त्यांची काळजी रास्त आहे. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. पण वर्षभर पट्टी काढलेल्या मुलाला परीक्षेत कच्च्या कामात दोन रेघा पुरतात, काहींना त्याही लागत नाहीत. चारही पर्याय घालून बघायची युक्ती परीक्षेच्या हॉलमध्ये जरूर वापरावी. घरी शिकताना मात्र पर्याय झाकून ठेवा.

सेमी इंग्रजीच्या मुलांचं दुखणं बरेचदा गणितात नसतंच. उदाहरण इंग्रजीतून असतं आणि अडतं ते वाक्यापाशी. अशा मुलाला कोणतीही रीत शिकवण्याआधी उदाहरण झाकून तीच गोष्ट मराठीत सांगायला लावा, आकड्यांशिवाय. "दोघींनी आंबे आणले, आईकडे जास्त आहेत," इतकं सांगता आलं की मग पेन्सिल हातात द्या. नाही सांगता आलं, तर पट्टीही चुकीचीच निघणार.

अॅबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढतो, पण काय करायचं हे त्यातून कळत नाही. हिशोबात चुकणाऱ्या मुलासाठी तो ठीक, उदाहरण न कळणाऱ्यासाठी नाही. क्लास लावायचाच असेल, आणि दोघंही उशिरा घरी येणाऱ्या आईबाबांना तो लागतोही, तर फी विचारण्याआधी तिथल्या एखाद्या मुलाची वही बघायला मागा. पानभर नुसत्या उभ्या मांडण्या आणि बरोबरच्या खुणा दिसल्या तर दुसरा क्लास बघा. कडेला वाकड्यातिकड्या पट्ट्या, खोडलेले अंदाज आणि ताळे दिसले, तर तिथे नाव घालायला हरकत नाही.