उताराला न्यूट्रल की गिअर: इंधन वाचवणाऱ्या सवयींची, गाडीच्या झिजेसह तुलना

इंधन वाचवण्याच्या युक्त्या सगळेच सांगतात, पण त्यांतली कोणती गाडीच्या मुळावर येते हे क्वचितच कोणी सांगते. दर टाकीमागे लिटरभर पेट्रोल वाचवले आणि त्यापायी क्लच किंवा गिअरबॉक्स वेळेआधी उघडावा लागला, तर कित्येक वर्षांची बचत एका दुरुस्तीत निघून जाते. म्हणून पुढील तुलनेत प्रत्येक सवयीबद्दल दोन प्रश्न विचारले आहेत: इंधन खरोखर वाचते का, आणि वाचत असेल तर त्यासाठी गाडीचा कोणता भाग झिजतो? ही तुलना मुख्यतः फ्युएल इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने मोजून इंधन फवारणारी यंत्रणा) असलेल्या आणि हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारींची आहे. ऑटोमॅटिक गाडीत जिथे उत्तर बदलते तिथे तसे सांगितले आहे. बरीच वर्षे टाकी-टाकीच्या नोंदी ठेवल्यावर माझे मत असे बनले आहे की पायाने आणि नजरेने केलेली बचत गाडीला सोसते. गाडीला तिच्या रचनेविरुद्ध वागवून केलेली बचत सोसत नाही.

उतारावर: न्यूट्रल की गिअर

उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकून सोडून देण्याची सवय फार जुनी आहे आणि कार्ब्युरेटरच्या (हवा व इंधन मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात तिला थोडा आधारही होता, कारण तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी फिरते इंजिन कार्ब्युरेटरमधून थोडे इंधन खेचतच राहायचे. इंजेक्शनच्या गाडीत गोष्ट उलटी झाली. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला आहे आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १२०० ते १५०० च्या वर आहेत, एवढे जुळले की गाडीतला संगणक इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) बंद करतो आणि इंजिनाला चाकेच फिरवत राहतात. त्या वेळी इंधनाचा खर्च शून्य असतो. ज्या गाडीत तात्कालिक मायलेज दाखवणारा आकडा आहे, त्या गाडीत हे डोळ्यांनी दिसते: चौथ्या गिअरमध्ये उतरताना पाय काढला की आकडा झरझर वाढत कमाल मर्यादेला जाऊन थांबतो, आणि त्याच उतारावर न्यूट्रल केले की तो लगेच खाली येतो, कारण आता इंजिनाला केवळ चालू राहण्यासाठी इंधन लागते. मध्यम आकाराच्या पेट्रोल इंजिनाला नुसते चालू राहायला तासाला अर्धा ते एक लिटर इंधन लागते.

न्यूट्रलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उतार अगदी हलका असेल, तर गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीमुळे गाडी मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. न्यूट्रलमध्ये तीच गाडी पुष्कळ पुढे जाते. अशा ठिकाणी केवळ इंधनाचा हिशेब केला तर न्यूट्रल कधी कधी थोडे जिंकते. तरीही मी गिअरच निवडतो, कारण अचानक ब्रेकऐवजी वेग वाढवून सुटका करून घ्यायची वेळ आली तर न्यूट्रलमधली गाडी हातात नसते, आणि लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात व ऐन वेळी पकड सोडतात. गिअरमध्ये ठेवल्याने ब्रेकपॅड वाचतात ते वेगळेच.

ऑटोमॅटिक गाडी चालत असताना डी (ड्राइव्ह) वरून एन (न्यूट्रल) वर आणि पुन्हा डी वर आणणे म्हणजे आतल्या क्लचना दर वेळी वेगात जुळायला लावणे होय. तो गिअरबॉक्स महाग असतो आणि बचत चमचाभर असते. काही नव्या ऑटोमॅटिक गाड्या योग्य वेळी स्वतःच चाके मोकळी सोडतात. ते काम त्यांच्याकडेच असू द्यावे. आणि उतारावर इंजिन बंद करण्याचा तर विचारही करू नये. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते, त्यानंतर पेडल दगडासारखे होते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.

लवकर वरचा गिअर टाकावा का

हो, पण इंजिन घुसमटेल इतका लवकर नाही. कमी फेऱ्यांवर इंजिनातले घर्षण कमी असते आणि पिस्टनला हवा खेचायला कमी श्रम पडतात, म्हणून वरच्या गिअरमध्ये इंधन वाचते. सपाट रस्त्यावर पेट्रोल गाडीत साधारण २००० ते २५०० आणि डिझेलमध्ये १५०० ते २००० फेऱ्यांच्या आसपास गिअर बदलला की बहुतेक बचत पदरात पडते. त्याच्या खाली जाऊन पाचव्या गिअरमध्ये ताशी ४० ने चढ चढवणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे. गाडीतून घरघर येते, गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या हाताला थरथर लागते, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही. त्या क्षणी बेअरिंगवर जबर दाब असतो, पण फेरे कमी असल्याने त्यांच्यातला तेलाचा थर पातळ झालेला असतो. टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनात तर कमी फेरे आणि जास्त भार या जोडीमुळे ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकते, आणि तसा जोराचा धक्का पिस्टनला तडा देऊ शकतो. अनेक डिझेल गाड्यांतल्या दुहेरी फ्लायव्हीलच्या (इंजिनाचे हेलकावे शोषणाऱ्या जड चाकाच्या) स्प्रिंगाही याच थरथरीने लवकर दमतात. घरघर ऐकू आली की एक गिअर खाली घ्यावा. त्यात जाणारे थेंबभर इंधन वाया गेलेले नाही.

याच्याशी जोडलेला गैरसमज म्हणजे गाडी जितकी हळूहळू वेगात आणावी तितके इंधन वाचते. इंजिनाची कार्यक्षमता कमी फेरे आणि बऱ्यापैकी भार यांच्या संगमावर सर्वांत चांगली असते. त्यामुळे गोगलगायीच्या गतीने खालच्याच गिअरमध्ये रेंगाळण्यापेक्षा ॲक्सिलरेटर मध्यम दाबून लवकर इच्छित वेगाला पोहोचावे आणि वरच्या गिअरमध्ये स्थिर व्हावे, हे बरे. पेडल तळाला टेकवणे मात्र टाळावे, कारण पूर्ण दाबल्यावर बहुतेक पेट्रोल इंजिने मिश्रणात जादा इंधन ओततात.

सिग्नलला इंजिन बंद करणे की सिग्नल आधी ओळखणे

गरम इंजिन दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असेल, तर बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी इंधन जाते, असे इंधनापुरते सर्वसाधारण गणित आहे. ज्या गाडीत स्टॉप-स्टार्ट यंत्रणा (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद आणि निघताना चालू करणारी) कंपनीनेच बसवलेली आहे, तिची बॅटरी आणि स्टार्टर वारंवार सुरू होण्यासाठीच मजबूत केलेले असतात. तिथे यंत्रणेला तिचे काम करू द्यावे. साध्या गाडीत मात्र दर सिग्नलला किल्ली फिरवण्याचा ताण स्टार्टरवर आणि बॅटरीवर येतो. तिथे मी एक मिनिटाची मर्यादा पाळतो: त्याहून जास्त थांबायचे असल्याचे नक्की दिसत असेल, तरच बंद. टर्बो गाडी वेगाने दामटून आणली असेल, तर मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करावी, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळत नाही.

पण या चर्चेत लोक नको त्या गोष्टीकडे बघतात. १२०० किलोची गाडी ताशी ६० ने धावत असते तेव्हा तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पूर्ण थांबून तेवढी ऊर्जा पुन्हा मिळवायला, इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागते. ताशी पाऊण लिटर या दराने इंजिन नुसते चालू ठेवले तर एवढे पेट्रोल दीड मिनिटाहून अधिक पुरते. म्हणजे टाळलेला एक थांबा हा सिग्नलला बंद केलेल्या इंजिनापेक्षा बहुधा मोठी कमाई आहे, आणि तीही स्टार्टर न झिजवता. दूरवर लाल दिवा दिसताच गिअर तसाच ठेवून पाय काढावा. इंजेक्टर बंद, गाडी आपोआप मंदावते, आणि पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झाला व वेग ताशी ४० वर उरला, तर ६० च्या वेगातली ४४ टक्के ऊर्जा तशीच हाताशी राहते. ब्रेक लागला नाही, पहिला गिअर टाकावा लागला नाही, क्लच घासला नाही. मागून गाड्या खेटून येत असतील तर मात्र उगाच फार आधी मंदावू नये.

क्लचबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. मला बरीच वर्षे चालवताना डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवायची खोड होती आणि चढावर थांबलो की गाडी हाफ क्लचवर तोलून धरायचो. आधी क्लच दाबताना किर्रर्र असा आवाज येऊ लागला, मग चढावर इंजिनाचे फेरे वाढायचे पण गाडी पुढे सरकायची नाही. उघडून पाहिले तर क्लचचे बेअरिंग गेलेले आणि क्लचप्लेट घासून सपाट झालेली. पाय टेकवण्याने गाडीचे ॲव्हरेजही कमीच मिळत होते, कारण क्लच किंचित घसरत होता. चढावर हँडब्रेक ओढणे आणि चालवताना डावा पाय बाजूला ठेवणे, या दोन सवयींनी इंधन आणि क्लच दोन्ही वाचतात.

वेग, एसी आणि खिडक्या

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो ५६ टक्के जास्त होतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग थोडा कमी करण्याइतकी सोपी बचत दुसरी नाही, आणि तिने झीज होण्याऐवजी टायर व ब्रेकचे आयुष्य वाढते. शहरी वेगात खिडक्या उघड्या ठेवणे स्वस्त पडते; ताशी ७०-८० च्या पुढे खिडक्या बंद करून एसी लावणे बरे, जरी ही सीमा प्रत्येक गाडीची थोडी वेगळी असते. उन्हात तापलेल्या गाडीतली गरम हवा आधी खिडक्या उघडून जाऊ द्यावी. इंधनाच्या धाकाने एसी महिनोन्महिने बंद ठेवू नये, कारण कंप्रेसरचे सील चालू असतानाच तेलाने ओले राहतात. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) सपाट रस्त्यावर चांगले. चढउतारांवर त्यापेक्षा समजूतदार पाय बरा.

हवा जास्त भरावी का, गाडी उभी ठेवून तापवावी का

चारही टायरमध्ये दर १ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी झाली की इंधनाचा खर्च साधारण ०.२ टक्के वाढतो. यावरून काही जण शिफारशीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरतात. हिशेब केला तर मिळकत साधारण १ टक्का, आणि मोबदल्यात टायर मधल्या पट्ट्यावर झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, खड्ड्यांचे धक्के सस्पेन्शनला सोसावे लागतात. ड्रायव्हरच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिलेला आकडाच पाळावा, आणि तो टायर थंड असताना मोजावा. थंडी वाढली की तापमानाच्या दर पाच-सहा अंशांमागे सुमारे १ पीएसआय कमी होतो.

थंड इंजिन उभ्या गाडीत दहा मिनिटे तापवणेही कार्ब्युरेटरच्या काळचे आहे. थंड इंजिनाला जादा इंधन मिळते. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुते आणि खाली उतरून ऑईल पातळ करते. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले काही किलोमीटर फेरे कमी ठेवून शांतपणे चालवावी. गिअरबॉक्स आणि चाकांची बेअरिंगही गाडी चालल्यावरच गरम होतात.

यांतली कोणतीही सवय आजमावताना एका टाकीवर निर्णय घेऊ नये. पंपावर पहिल्या क्लिकला थांबायचे, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तशीच टाकी भरायची, आणि निदान तीन टाक्यांची सरासरी काढायची. दोन सवयी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला हे कळत नाही.